मेंढरं बसवलेली शाळा

आमच्या शाळेत हजेरी दोनदा होते. पहिली मुलांची, ती सगळ्याच शाळांत होते. दुसरी झाडांची. ती निकम सर घेतात, आणि ती चालू असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही.

परिपाठ संपला की सर एक जाड रजिस्टर काखेत मारून मैदानाच्या कडेनं निघतात. चष्मा कपाळावर, पेन कानावर. "लिंब क्रमांक एक!" असा पुकारा होतो. मग ते झाड ज्यांच्या वाट्याला आलंय ती दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, एका सुरात "हजर, सर!" म्हणतात. नुसतं म्हणून भागत नाही. सर वाकून पानं बघतात, बुंध्याशी बोटानं माती उकरतात आणि मगच नोंद करतात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हाती चुकून हे रजिस्टर पडलं. "करंज क्रमांक बारा, किरकोळ रजा" ही नोंद वाचून ते बराच वेळ आमच्या हेडसरांकडे बघत राहिले. हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले.

"झाडाला रजा म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"पानं गळाल्यात सायेब," निकम सर म्हणाले. "पण मूळ जित्तं हाय. मेलं म्हणावं तर ते खोटं, हजर म्हणावं तर ते बी खोटं. म्हणून रजा मांडली."

साहेबांनी खाली सही केली आणि चहा न घेता गेले.

मी या शाळेत गणित शिकवते. माहेर फलटणचं, सासर कडेगावचं, आणि शाळा कडेगावहून एसटीनं अर्ध्या तासावर, माळाच्या पायथ्याशी. स्वभाव माझा तापट आहे, तो मी लपवत नाही. मला दोन अधिक दोन चारच लागतात. निकम सरांना दोन अधिक दोन विचारलं, तर ते आधी विचारतील, "कुणाचे दोन?" अशा माणसाशेजारी स्टाफरूममध्ये मी नऊ वर्षं बसते आहे, आणि हा माणूस शहाणा की खुळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळा दोष खरं तर वरून आलेल्या कागदांचा. एकाच दिवशी दोन आले. एकात लिहिलं होतं, विद्यार्थ्यांत पर्यावरणाविषयी आस्था निर्माण करा. दुसऱ्यात, समतेची भावना रुजवा. असल्या कागदांचं काय करायचं ते शाळांना पाठ असतं. एक घोषणांची फेरी, एक चित्रकला स्पर्धा, चार फोटो आणि अहवाल. पण त्या दिवशी निकम सर दाढदुखीनं रजेवर होते, आणि मीटिंगला जो नसतो त्याच्या गळ्यात काम अडकवायचं हा आमच्याकडचा रिवाज. दोन्ही कागद सरांच्या टेबलावर गेले. सरांनी ते घरी नेले आणि चक्क वाचले. दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "सर, ह्ये दोन्ही एकदमच करायचं दिसतंय."

"एकदम म्हणजे?"

"म्हंजे पर्यावरणात समता, आन् समतेत पर्यावरण."

"करा की," हेडसर म्हणाले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

निकम सर मूळचे खटाव भागातले. वडील फौजेत होते, त्यामुळे सर चालतात ताठ. बोलतात मात्र वाकडंतिकडं. लग्न केलेलं नाही. का केलं नाही ते विचारायची सोय नाही, कारण त्यांचं कुठलंही उत्तर "एका अंगानं" असं सुरू होतं. "एका अंगानं बगितलं तर बरोबर हाय बाई, पण दुसऱ्या अंगानं बगितलं तर न्हाई." पाऊस लांबला तरी हेच, निकाल घसरला तरी हेच, डब्यातली भाजी खारट झाली तरी हेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "सर, तुम्हाला अंगं तरी किती?"

"त्योच तर गोंधळ हाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

समतेची सुरुवात स्टाफरूमच्या चहापासून झाली. आम्ही तीन बायका आणि सात पुरुष. चहा बायकांनी करायचा असा काही नियम नव्हता, फक्त रोज तसं होत होतं. सरांनी भिंतीवर वारांचा तक्ता लावला आणि सोमवार स्वतःकडे घेतला. त्या सोमवारी त्यांनी आलं समजून ओली हळद किसून चहात घातली. पीटीच्या सरांनी तो औषध म्हणून संपवला, बाकीच्यांनी कुंडीत ओतला. तीन सोमवारांनंतर आम्ही तिघींनीच हात जोडले.

"म्हंजे समता तुमालाच नको?" सर खरोखर दुखावले.

"समता हवी, सर. पण चहासुद्धा हवा."

मग केर. आमच्याकडे वर्ग मुली झाडायच्या आणि बाकं मुलगे उचलायचे. सरांनी ते उलटं केलं. दुसऱ्याच दिवशी एक बागायतदार पालक बुलेट फडफडवत आले. "आमचा विराज घरात सोताचं जेवल्यालं ताट उचलत न्हाई, आन् हितं त्येच्या हातात झाडू?"

"एका अंगानं तुमचं बरोबर हाय," सर म्हणाले. "ताट उचलत न्हाई, ही चूकच हाय."

आपण भांडण जिंकलो की हरलो, या विचारात ते गृहस्थ बुलेट ढकलतच फाटकाबाहेर गेले.

झाडांच्या बाबतीत तर सरांच्या समतेला धार होती. पावसाळ्यात मैदानाभोवती चाळीस रोपं लावली. जमीन मुरमाड. मुलांनी येताना घरून पाणी आणायचं आणि प्रत्येक झाडाला मोजून एक तांब्या घालायचं. कमी नाही, जास्त नाही. महिन्याभरात कोरफड कुजली आणि हेडसरांनी हौसेनं लावलेला नारळ वाळला. सरांची झोप उडाली. माझा सातवीचा तास चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"पोरांनो, समता म्हंजे सगळ्यांना सारखं, का ज्याला जेवढं लागंल तेवढं?"

अपूर्णांक चालू होते. मी खडू खाली ठेवला आणि त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणीही माणूस निघून गेला असता. तेवढ्यात मागच्या बाकावरून काजल उठली.

"सर, आमी कोकराला आन् मेंढीला सारखं पानी पाजत न्हाई. पन सोडत बी कुनाला न्हाई."

सरांनी कानावरचं पेन काढलं आणि ते वाक्य तळहातावर लिहून घेतलं.

काजल माळावरच्या धनगरवस्तीतली. तिचे वडील मायाप्पा दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. काजलही जायची. म्हणजे दर वर्षी अर्धी शाळा. तिचा थोरला भाऊ सागर मात्र वस्तीवर चुलतीकडे राहून पूर्ण वर्ष शिकायचा, आता नववीत होता. पोरगी हिशेबाला इतकी पक्की, की दिवाळीनंतर तिच्या नावापुढं गैरहजेरीची रांग लावताना माझा हात चिडायचा. निकम सर तर वर्षभर मायाप्पाच्या मागे लागले होते. शेवटी मायाप्पानं शब्द दिला होता, यंदा काजलला ठेवतो.

पाणी ज्याच्या त्याच्या गरजेनं सुरू झालं, तरी झाडं अंग धरेनात. मुरमात खतच नव्हतं. पुन्हा काजलच म्हणाली, "आमची मेंढरं बसवा की सर."

आमच्या भागात हे नवीन नाही. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावून रिकाम्या रानात दोन-चार रात्री कळप बसवतो. लेंडीखतानं जमीन तगडी होते, धनगराला धान्य मिळतं. सर आनंदानं वेडे झाले. सेंद्रिय खत झालं, म्हणजे पर्यावरण आलं. धनगरवस्तीला शाळेत मान मिळाला, म्हणजे समता आली. दोन्ही कागद एका कळपात बसत होते. रान रिकामं असतं तेव्हाच मेंढरं बसवतात, ही गोष्ट खेड्यात वाढलेल्या या माणसाच्या डोक्यात त्या वेळी कुठं गेली होती, कोण जाणे!

शनिवारी संध्याकाळी कळप आला. मायाप्पानं मैदानाच्या मधोमध जाळी उभी करून मेंढरं आत घेतली. सोमवारी आम्ही शाळेत आलो तेव्हा चाळीसपैकी सहा झाडं उभी होती. बाकी ठिकाणी काड्या. निकम सर रजिस्टर छातीशी धरून मैदानात उभे होते आणि त्यांना नाव पुकारायला झाड सापडत नव्हतं. पाचवीतल्या दोन पोरी रडत होत्या.

गावात बोभाटा झाला. पालकसभा बोलावली गेली. सगळे एकदम बोलत होते. "धनगराचं जित्राब शाळंत घ्यायचंच कशाला?" "राखता येत न्हाईत तर आनली का?" निकम सर उठले. आता हा माणूस काय ते सांगेल म्हणून मी सरसावून बसले.

"मंडळी, एका अंगानं झाडं गेली हे वाईटच झालं," सरांनी सुरुवात केली. "पण मूळ प्रश्न खताचा. मधल्या जागेला खत मिळणार आन् कडंच्या झाडांना न्हाई, मग त्या कडंच्या झाडांनी काय..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. सगळ्यांनी मिळून त्यांना खाली बसवलं. मग सभेनं ठरवलं की मेंढरांनी शाळेच्या रस्त्यानं जायचं नाही. धनगरांच्या हलगर्जीपणानं झाडं गेली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. खरं सांगायचं तर मीसुद्धा. सर उठायला गेले, अर्धवट उठले, आणि परत बसले.

दोन दिवसांनी काजल शाळेत यायची थांबली.

पहिल्या दिवशी मी धरलं ताप असेल, दुसऱ्या दिवशी धरलं घरी काही कार्य असेल. चौथ्या दिवशी सागरला विचारलं. तो म्हणाला, "आता ती न्हाई यायची. आबा तिला संगं नेनार हायत." दिवाळी बारा दिवसांवर होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आणि निकम सर माळ चढून वस्तीवर गेलो. वाटेत सर तीनदा थांबले. प्रत्येक वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं दम लागला असेल.

मायाप्पानं घोंगडं अंथरलं. काजलच्या आईनं, बाळाबाईनं, शेळीच्या दुधाचा चहा टाकला. काजल पलीकडे एका कोकराला मांडीवर घेऊन, आमच्याकडे पाठ करून बसली होती. सरांनी मुलगा-मुलगी समान, शिक्षणाचा हक्क, असं कागदातलं सगळं म्हणून दाखवलं. मायाप्पानं शांतपणे ऐकून घेतलं.

"कागद बरोबर हाय सर. पन घाट उतरताना दोन-दोन दिसाची कोकरं खांद्यावर न्याया लागत्यात. मी, ही, आन् काजल. चवथं मानूस मला न्हाई."

"पण तुमी शब्द दिला हुता."

"दिला हुता. तवा तिला कुनी बोलत नव्हतं. आता वर्गात गेली की पोरं बें बें करत्यात. तिच्या बाकावर कुनी बसत न्हाई. तिथं कुनाच्या भरवशावर ठिवू?"

मी सातवीची वर्गशिक्षिका. माझ्या वर्गात पोरं तिला बघून बें बें करत होती आणि मी फळ्यावर लसावि काढत होते. मला त्या घोंगड्यावर बसवेना.

सरांनी तोड काढली. ती त्यांच्याच डोक्यातून निघू शकते. "असं करू. दिवाळी ते शिमगा सागर तुमच्याबरोबर, आन् शिमग्यापास्नं पुढं काजल. दोघांना सारखं."

बाळाबाई फस्सकन हसली. "म्हंजे दोघंबी अर्धी शिकल्याली! लय भारी समता झाली की सर."

सरांनी कपबशी खाली ठेवली. मग कुणी काही विचारलेलं नसताना ते बोलायला लागले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याला एकच अंग होतं.

"मला जुळी भन हाय. सुमन. माझ्या आदी अर्ध्या तासानं जन्मल्याली. चवथीपर्यंत एका बाकावर बसायचो आमी. हुशार ती. माझी गणितं तीच सोडवायची. मग वडलांचं पत्र आलं, दोघांचं झेपत न्हाई, एकालाच पुढं शिकवा. कुनाला, ते लिवलं नव्हतं. लिवायची गरजच नव्हती. आईला वाचता येत नव्हतं आन् मी अडखळायचो. म्हणून ते पत्र आमाला सुमननंच वाचून दावलं."

मायाप्पा काडीनं जमीन टोकरत होता. तो थांबला.

"दुसऱ्या दिशी मी दप्तर घेऊन निघालो. ती म्हशी सोडत हुती. मी तिच्याकडं बगितलं न्हाई. तवापास्नं पंचेचाळीस वरसं झाली, मी ह्या गोष्टीवर तिच्याशी एक शब्द बोललो न्हाई."

"भनीला इचारलं न्हाई कवा? तुला जायाचं हुतं का म्हनून?" बाळाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"का वं?"

"ती काय म्हणंल, त्येचं भ्या."

बाळाबाई एकदम म्हणाली, "आन् हिला? आल्यापास्नं तुमी तिगं बोलताय, ठिवायची का न्यायची, ठिवायची का न्यायची. तुमी इचारलं न्हाई, आन् आमीबी न्हाई. ए काजल, हिकडं तोंड कर. तुला ऱ्हायाचं हाय का?"

मला लाज वाटली. दोन मैल माळ तुडवत आम्ही समता सांगायला आलो होतो, आणि ज्या पोरीसाठी आलो तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

काजल वळली. कोकरू तिनं तसंच धरलं होतं.

"ऱ्हायाचंय," ती म्हणाली. "पन आदी सरांनी पोरांना सांगायचं, जाळी कुनी सोडली ते."

मी मायाप्पाकडे बघितलं. मायाप्पानं नजर दुसरीकडे नेली. मग मी निकम सरांकडे बघितलं.

"जाळी मी सोडली बाई," सर म्हणाले. "रविवारी सकाळी. मधल्या जागेतच खत पडत हुतं. कडंच्या झाडांवर अन्याय नको म्हणून मी जाळी सोडून मेंढरं कडंनं सारखी पांगवाय लावली. मायाप्पा नको म्हणत हुते, झाडं खात्याली म्हणत हुते. मी म्हणलं, दहा मिनटांत काय हुतंय."

"आणि सभेत?"

"सभेत तेच सांगाय उठलो हुतो. एका अंगानं गोंधळ झाला." ते थांबले. "आन् दुसऱ्या अंगानं भ्यालो."

मला इतका राग आला, की माणूस वयानं मोठा नसता तर मी तिथंच बोलले असते. "मायाप्पा, तुम्ही तरी गावात सांगायचं!"

"मास्तरला चारचौघांत कशाला उघडं पाडायचं बाई?" मायाप्पा म्हणाला. "पोरीच्या शाळंसाठी माझ्या दारात यवढ्या खेपा दुसऱ्या कुनी घातल्या न्हाईत."

राग कुणावर काढावा तेच मला कळेना. चूक करणारा समोर डोळे पुसत होता, आणि सोसणारा त्याला सांभाळून घेत होता.

"सांगा सर," काजल म्हणाली. "पन एका अंगानं नको. सरळ सांगा."

बाळाबाईनं निकाल दिला. "सोमवारी पाठवते. सर काय बोलत्यात ते बगू. आन् दिवाळीच्या सुट्टीत घाटाला सागर यील. त्येला बी कळू दे, कोकरू खांद्यावर घिऊन चाललं की मान कशी अवघडती. म्होरं आमी दोगं बगू कसं जमतंय ते."

सोमवारी परिपाठाला काजल रांगेच्या टोकाला उभी होती. तिच्या आणि पुढच्या मुलीच्या मध्ये दोन हातांची जागा मोकळी होती. फाटकाबाहेर मायाप्पा काठी टेकून उभा होता. प्रार्थना झाली. निकम सर पुढे आले. त्यांचं तोंड मला ओळखीचं होतं. ते "एका" म्हणण्यासाठी उघडलं होतं. सरांनी ते मिटलं, काजलकडे बघितलं, आणि परत उघडलं.

"जाळी मी सोडली. मायाप्पा नको म्हणत हुते, तरी सोडली. झाडं माझ्यामुळं गेली. काजलचा आन् तिच्या घरच्यांचा ह्यात काडीचा दोष न्हाई. लोक त्यांना दोष देत हुते तवा मी गप बसलो, ती माझी दुसरी चूक."

हेडसरांचा चेहरा पांढरा पडला होता. पाचवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "सर, आमी झाड मोडलं की म्हैनाभर पानी घालायची शिक्षा असती. मग तुमाला?"

"सारखीच," सर म्हणाले. "चौतीस झाडं, चौतीस म्हैने."

मुलं हसली. सगळ्यात आधी बुलेटवाल्यांचा विराज हसला, हे मी बघितलं. मग तोच रांग सोडून मागे गेला आणि काजलच्या पुढच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. मी फाटकाकडे पाहिलं तर मायाप्पा माळाच्या वाटेला लागला होता. दुपारी सागर निरोप घेऊन आला, काजल ऱ्हाती म्हणून आबांनी सांगितलंय.

मला वाटलं, आता निकम सर सुटले. संध्याकाळी आम्ही दोघं फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. मी त्यांना म्हणालेसुद्धा, "झालं सर, मिटलं." त्यांनी खिशातून फोन काढला, नाव शोधलं, परत खिशात ठेवला, परत काढला.

"बाई, लावू का?"

"लावा."

पलीकडून लगेच उचलला गेला. सर म्हणाले, "सुमे, मी बोलतोय. व्हय, बरा हाय. जेवलो. न्हाई गं, काय झालं न्हाई. एक इचारायचं हुतं." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "तुझी शाळा सोडवली तवा मी तुला काय इचारलं न्हाई. तुला शिकायचं हुतं का गं?"

पलीकडे काहीच आवाज नव्हता. सरांनी फोन कानापासून काढून बघितला, लागलेलाच होता. परत कानाला लावला. आणि मग मला बाईचा आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज, आधी हळू, मग भरभर, न थांबता. सर फाट्यावरच्या दगडावर बसले. चष्मा काढून हातात घेतला. मध्ये एकदाही बोलले नाहीत.

कडेगावची एसटी आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं आम्हाला बघून गाडी हळू केली. मी त्याला हातानंच खुणावलं, जा म्हणून. पुढची गाडी तासाभरानं होती, आणि सुमनताईंचं बोलणं आता कुठं सुरू झालं होतं.